वाढवणचा तळ उपसण्याआधी वाचून घ्या : बंदर उभारणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वाढवण पोर्ट प्रोजेक्ट लिमिटेड, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, महाराष्ट्र सागरी मंडळ, महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण

विषय : समुद्रतळावरील पुरातत्त्वीय अवशेषांची तपासणी आणि ड्रेजिंगच्या करारातील तरतुदी

महोदय,

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, १०.१४ किलोमीटरचा लाटरोधक बांध आणि भरावासाठी दमणसमोरच्या समुद्रतळातून उपसायची वाळू, हे सगळं तुमच्याच कागदांत आहे. बंदर व्हावं की नाही हा वाद मच्छीमार संघटना आणि ग्रामस्थ रस्त्यावर आणि न्यायालयात लढत आले आहेत. त्याचा निवाडा या पत्रातून होणार नाही, आणि पत्राचा तो हेतूही नाही. आमचं मागणं एवढंच आहे की ड्रेजर, म्हणजे तळ उपसणारं जहाज, जिथे अजून पोचलेला नाही, तिथला तळ आधी पुरातत्त्वाच्या नजरेने वाचून घ्यावा आणि त्यातून जे निघेल ते ड्रेजिंगच्या करारात कलम म्हणून घालावं.

हा काही रिकामा समुद्र नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. कोणत्या नद्यांवर आपण नावांची फुकट उतारसोय केली, त्याची यादी त्यात आहे : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहाणुका. ज्या दमणसमोरून वाळू निघणार आणि ज्या डहाणूच्या बाजूला ती पडणार, ती दोन्ही नावं एकाच ओळीत कोरलेली आहेत. पुढे चिंचणीला, म्हणजे बंदराच्या अगदी शेजारी, राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सापडले. त्यांतला शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट इंद्र तिसरा याच्या काळातला असून संजाणच्या प्रांतावर 'मधुमती' नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी असल्याचं सांगतो. त्यानेही दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या होत्या. संजाणच्या उत्खननात पश्चिम आशियातली चकचकीत लेपाची खापरं आणि चिनी मातीची भांडी निघाली. दक्षिणेला सोपारा, वसई, मधे तारापूर, शिरगाव, डहाणूचे किल्ले. दोन हजार वर्षं ज्या पाण्यातून इराण-अरबस्तानची गलबतं ये-जा करत राहिली, तिथे तळाशी काहीच पडलेलं नसेल असं गृहीत धरायला काही आधार नाही. पडलेलं नक्की कुठे आहे, एवढंच ठाऊक नाही. ते शोधण्याचं काम सर्वेक्षणाचं.

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे आणि ती आपल्याकडच्या चर्चेत जवळपास येतच नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. मुंबई ते खंभातच्या आखातासमोर पाण्याखालचा उथळ खंडमंच देशात सर्वांत रुंद आहे, ३०० किलोमीटरच्या आसपास. ही सगळी तेव्हा जमीन होती : नद्या, पाणथळ, गवताळ पट्टे. वाढवणला किनाऱ्याजवळच मिळणारी २० मीटरची नैसर्गिक खोली हे या बंदराचं मोठं बलस्थान म्हणून सांगितलं जातं. जागतिक समुद्रपातळीच्या ढोबळ आलेखाप्रमाणे तोच २० मीटरचा तळ साधारण ९,००० वर्षांपूर्वीपर्यंत कोरडा होता. मुंबईत याची झलक दिसलेली आहे. १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली अख्खं जंगल निघालं, ३८२ झाडं, त्यांतली २२३ जागच्या जागी उभी. तेव्हाच्या अभियंत्याने ती मोजून नोंदवली म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. त्याच्या हाताशी ध्वनिलहरींनी तळ पाहणारं सोनार यंत्र नव्हतं. तुमच्या हाताशी ते आहे.

आता सर्वेक्षणाकडे. बंदरासाठी समुद्रतळाची मोजणी होतेच. मल्टीबीमने खोली मोजली जाते, साइड स्कॅन सोनारने तळाची चित्रं घेतली जातात, सब-बॉटम प्रोफायलरने गाळाचे थर पाहिले जातात, बोअरहोल घेतले जातात. ही सगळी साधनं पुरातत्त्वालाही तीच लागतात. फरक पडतो तो कोणत्या घनतेने मोजलं आणि कोणी पाहिलं यात. जलवाहतुकीसाठी एक मीटरच्या चौकटीचा मल्टीबीम नकाशा पुरतो. पण लाकडी जहाज तळावर शतकानुशतकं राहिलं की वरचं लाकूड संपतं आणि उरतो तो नीरमाचा, म्हणजे तोल राखायला तळात भरलेल्या दगडांचा, लांबट ढीग. लांबी १०-१५ मीटर, उंची गुडघाभर. एक मीटरच्या चौकटीत तो खडकाच्या उंचवट्यासारखा दिसतो आणि 'नैसर्गिक' असा शेरा मारून पुढे जाता येतं. म्हणून चौकट अर्ध्या मीटरची किंवा त्याहून बारीक हवी. साइड स्कॅन ५०० किलोहर्ट्‌झच्या वरचा, प्रत्येक बाजूला ५० मीटरपर्यंतच, फिश, म्हणजे बोटीमागून ओढलं जाणारं उपकरण, तळापासून सुमारे ५ मीटर उंचीवर, आणि प्रत्येक जागा दोन दिशांनी पाहिलेली असावी. एकाच बाजूने पाहिलं तर सावलीत वस्तू लपते.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपणारं उपकरण, मात्र अभियांत्रिकी सर्वेक्षणात बहुधा पाइपलाइन, केबल किंवा न फुटलेले बॉम्ब शोधण्यापुरता येतो आणि त्याच्या रेषा फार दूर दूर टाकल्या जातात. इथे गणित सरळ आहे. एक टन लोखंड, म्हणजे एखादी मध्यम तोफ, १० मीटर अंतरावरून सुमारे १० नॅनोटेस्लाचा (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) फरक दाखवते. अंतर दुप्पट झालं की तोच फरक आठपट घटून सव्वा नॅनोटेस्लावर येतो आणि लाटांच्या हेलकाव्यात हरवतो. म्हणजे १०० मीटर अंतराच्या रेषांवरून पाच तोफा मधल्या मध्ये निसटू शकतात आणि अहवालात 'लोहवस्तू आढळली नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं जातं. रेषा ३० मीटरवर हव्यात आणि उपकरण तळापासून ६ मीटरच्या आत. भरावाच्या १,४४८ हेक्टरांवर ३० मीटरच्या रेषा टाकल्या तर एकूण लांबी होते सुमारे ४८३ किलोमीटर. चार नॉट वेगाने ६५ तास. वळणं, भरती-ओहोटी, जाळ्यांना द्यायची बगल धरून दिवसाला सहा तास कामाचे पकडले तर अकरा-बारा दिवस, अडचणी धरून तीन आठवडे. ७६ हजार कोटींच्या प्रकल्पात तीन आठवड्यांची एक बोट.

त्यातही या किनाऱ्याचे स्वतःचे घोळ आहेत आणि ते परदेशी सल्लागाराच्या छापील पद्धतीत सापडत नाहीत. उत्तर कोकणात तळाचा खडक काळा बसाल्ट. तो स्वतःच चुंबकीय आहे, शेकडो नॅनोटेस्लाची चढउतार एकट्या खडकाची असू शकते. वाढवणसमोरच्या खडकाळ पट्ट्यात एकट्या मॅग्नेटोमीटरवर विसंबलात तर एक तर सगळीकडे जहाजं दिसतील, नाही तर कुठेच नाहीत. तिथे दोन सेन्सरमधला फरक मोजणारा ग्रेडिओमीटर वापरावा आणि प्रत्येक खूण सोनारच्या चित्राशी ताडून पाहावी. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे एकाच वस्तूची धन आणि ऋण टोकं उत्तर-दक्षिण पसरतात. रेषाही उत्तर-दक्षिण घेतल्या तर खूण पूर्ण पकडली जाते. पृथ्वीच्या क्षेत्रातला दिवसभराचा चढउतार वजा करायला वेगळं ठाणं उभारण्याआधी अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेच्या नोंदी मागून घ्या. १९०४ पासून ती तिथे आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची उपकरणं तिकडे हलवली होती. एका शहराच्या विकासकामाने शंभरेक वर्षांपूर्वी मोजणीची एवढी कदर केली होती, हे जाता जाता.

सब-बॉटम प्रोफायलरची अडचण वेगळी. पश्चिम किनाऱ्यावरच्या मऊ चिखलात जागोजागी वायू साठलेला असतो आणि त्याच्याखालचं काहीही ध्वनिलहरींना दिसत नाही, आलेखात नुसता राखाडी पडदा. अहवालात तो भाग 'काही नाही' असा भरला जातो. तो 'दिसलं नाही' असा वेगळ्या रंगात दाखवावा आणि तिथे बोअरहोल जास्त घ्यावेत. पाणबुड्यांकडून खात्री करून घ्यायची तर खंभातच्या आखातातून येणाऱ्या गाळामुळे इथे हातभर अंतरावरचंही दिसत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी इतकं ओढतं की माणूस तळावर टिकत नाही. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असण्याच्या दिवसांत, ती पालटतानाच्या थोड्या वेळात, दोर धरून हाताने चाचपत किंवा हातातल्या सोनारवर काम करावं लागतं. एका खुणेला एक अख्खा दिवस धरा. करारात चार खुणा एका दिवशी तपासायची अट घातली, की चारही ठिकाणी 'दगड' असं उत्तर येतं.

सर्वेक्षणाच्या बोटीआधी तांडेलांकडे, म्हणजे मासेमारी बोटींच्या प्रमुखांकडे, जा. डहाणू, वाढवण, वरोर, चिंचणी, सातपाटी, दांडी. डोल जाळी, म्हणजे एका जागी रोवलेली पिशवीसारखी जाळी, मारणाऱ्याला आपल्या कवींच्या, म्हणजे जाळी लावण्याच्या ठरलेल्या जागांच्या, आसपास तळ कसा आहे, किती वाव पाणी आहे, जाळं कुठे अडकून फाटतं आणि वर येताना काय घेऊन येतं, हे नकाशापेक्षा चांगलं ठाऊक असतं. जाळं अडकण्याची ठिकाणं जगभर जहाजांच्या अवशेषांचा पहिला माग ठरलेली आहेत. मात्र हे विचारायला भरपाईचे पंचनामे करणारा अधिकारी पाठवू नका. ज्याची कव उद्या भरावाखाली जाणार त्याला आज माहिती का द्यावीशी वाटेल? आधी लेखी सांगा की या माहितीवरून भरपाई कमीजास्त होणार नाही, मग विचारा, आणि विचारल्याचा मोबदला द्या. घरात, देवळात किंवा वाडीच्या कोपऱ्यात पडलेले भोकाचे दगड पाहून घ्या. त्यांतला एखादा दगडी नांगर असतो. द्वारका, बेट द्वारकेपासून खाली कोकणापर्यंत असे नांगर मिळालेले आहेत.

कागदांचा शोधही याच टप्प्यात. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे, त्यांच्या जुन्या आवृत्त्या, मुंबईचं राज्य अभिलेखागार, पुण्याचं पेशवे दफ्तर, पणजीचं गोवा अभिलेखागार. मोडी आणि पोर्तुगीज वाचणारी दोन माणसं सहा महिने बसवली तर वसई-दमण पट्ट्यातल्या बुडालेल्या जहाजांची निदान एक कच्ची यादी तयार होईल. नकाशावर जहाजाच्या खुणेपुढे 'स्थान अंदाजे' असं लिहिलेलं असतं. जुन्या काळात तो अंदाज एखाद्या मैलानेही चुकतो, म्हणून अशा खुणेभोवतीचा शोधपट्टा तेवढा मोठा धरावा. नकाशावरच्या ठिपक्याभोवती १०० मीटरचं वर्तुळ काढून 'टाळलं' असं म्हणता येत नाही.

बोअरहोलबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यांत स्वस्तात सगळ्यांत जास्त इथे मिळतं आणि इथेच सगळ्यांत जास्त वाया जातं. माती तपासणारी प्रयोगशाळा गाभ्याचा नमुना कापते, वाळवते, दाबते, चाळते आणि फेकते. तिला ताकद आणि दाबक्षमता हवी असते. त्याच नमुन्यात काळ्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, चार बोटांचा थर असेल, खाऱ्या पाण्याच्या चिखलाखाली गोड्या पाण्याचे शंख असतील, मुळांच्या खुणा असतील, तर तो बुडालेल्या जमिनीचा पृष्ठभाग आहे. तो एकदा वाळला की परागकण आणि कार्बन कालमापन दोन्ही बिघडतं. उपाय साधा : कापण्याआधी नमुना उभा चिरून, मोजपट्टी ठेवून फोटो, थरांचं वर्णन भूपुरातत्त्वज्ञाकडून, अर्धा भाग प्रयोगशाळेला, उरलेला अर्धा प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ओला, अंधारात, चार अंशांवर. कालमापनासाठी शंखापेक्षा झाडाच्या बिया किंवा डहाळ्या निवडाव्यात, कारण समुद्री शिंपल्यांचं कार्बन-वय खऱ्यापेक्षा काही शतकांनी जास्त निघतं आणि दुरुस्ती करावी लागते.

रॉटरडॅमने नेमकं हेच केलं. मासव्लाक्टे-२ या समुद्रात भराव घालून केलेल्या बंदरविस्ताराच्या वेळी तिथलंच यांगत्से हार्बर खोल करायचं होतं. आधी बोअरहोल, मग भूकंपीय आलेख, मग संशयित जागेवर दाट बोअरहोल, आणि शेवटी २०११ मध्ये तराफ्यावरच्या ग्रॅबने पातळ थरांनी तळ उचलून चाळला. सुमारे २० मीटर खोलीवर, जुन्या नदीकाठच्या वाळूच्या टेकाडावर, ९,००० वर्षांपूर्वीच्या माणसांची गारगोटीची हत्यारं आणि जळलेली हाडं निघाली. खोली तीच, काळ तोच. बंदर थांबलं नाही.

खुणा सापडल्यावर पुढचं काम आखणीचं. प्रत्येक खुणेला निर्णय हवा : टाळायची, तपासायची की सोडून द्यायची. टाळायची असेल तर छोट्या खुणेभोवती ५० आणि जहाजाच्या अवशेषांभोवती १०० मीटरचा वर्ज्य पट्टा, आणि तो पसरलेल्या सामानाच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचा, ढिगाच्या मध्यापासून नव्हे. या पट्ट्यात ड्रेजर तर नाहीच, पण बार्जचा नांगर, साखळ्या, जॅक-अपचे, म्हणजे तळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या तराफ्याचे, पायही नाहीत. प्रत्यक्षात जास्त नुकसान नांगरच करतात, कारण ते कुठे पडतात याकडे कोणी बघत नाही. वाळूच्या खाणीपाशी आणखी एक हिशेब आहे. पाच मीटर खोल खड्ड्याची कड पाण्याखाली ढासळत ढासळत १:५ ते १:१० उतारावर स्थिरावते, म्हणजे २५ ते ५० मीटर मागे सरकते. पट्ट्यात हे अंतर मिळवा, नाही तर दोन वर्षांनी टाळलेलं जहाज आपोआप खड्ड्यात येतं. दमणचा उपसा केंद्रशासित प्रदेशासमोरचा असल्याने राज्याच्या संचालनालयाचा हात तिथे पोचत नाही. तिथली जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने लेखी घ्यावी. २००१ मध्ये स्थापलेली त्यांची पाण्याखालच्या पुरातत्त्वाची शाखा २०२५ मध्ये द्वारकेला पुन्हा पाण्यात उतरली आहे.

भरावाखाली गाडलं म्हणजे जपलं, असं एक सोयीचं मत ऐकू येतं. मऊ चिकणमातीवर भराव घालताना पाणी लवकर निचरावं म्हणून दर मीटर-दीड मीटरवर उभ्या निचरापट्ट्या ठोकतात, वर काही मीटर वाळूचं ओझं देतात. खालचं लाकडी जहाज आधी टोचलं जातं, मग चेपलं जातं. जिथे भराव नाही पण लाटरोधक बांधामुळे प्रवाह बदलतो, तिथे उलटं होतं. चिखल धुपतो आणि इतकी शतकं प्राणवायूविना टिकलेलं लाकूड उघडं पडतं. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे किडे ते थोड्याच वर्षांत चाळणीसारखं करतात. प्रवाहाचं प्रतिमान तुम्ही किनारा धुपण्यासाठी चालवताच. त्याच्या नकाशावर वारशाच्या खुणा टाकून बघायला वेगळा खर्च नाही.

आता ड्रेजर. वाळू ओढणाऱ्या ट्रेलर ड्रेजरचं तोंड तळावर दोन-तीन मीटर रुंदीचा, वीतभर खोलीचा पट्टा खरवडत जातं. वाळू, पाणी आणि मधे जे असेल ते पंपातून हॉपरमध्ये, म्हणजे जहाजाच्या साठवणकप्प्यात. लाकूड पंपातच चुरतं. खापरं, दगडी हत्यारं, हाडं, नाणी मात्र पुष्कळदा शाबूत निघतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोरच्या 'एरिया २४०' या वाळूखाणीतल्या मालात २००७-०८ मध्ये २८ हातकुऱ्हाडी सापडल्या, त्या नेदरलँड्समधल्या धक्क्यावर, रेतीच्या ढिगात. दोन लाख वर्षांहून जुन्या. ड्रेजरचे मार्ग नोंदवलेले होते म्हणून त्या कोणत्या पट्ट्यातून आल्या ते काढता आलं, कंपनीने तो पट्टा वगळला आणि बाकी खाण चालू राहिली. तिथे सापडलेल्या वस्तूंची खबर देण्याची कार्यपद्धती २००५ पासून लागू होती.

तशी कार्यपद्धती इथे करारातच असावी. प्रत्येक फेरीनंतर ड्रेजरच्या तोंडाची जाळी तपासायची, अडकलेलं पाण्यात फेकायचं नाही. जाळीच्या फटी किती, ते निविदेत लिहायचं. फेरीचा क्रमांक, वेळ, पट्टा आणि माल भरावात नेमका कुठे पडला याची नोंद एकाच तक्त्यात. धक्क्यावर आणि बोटीवर एकेक ठरलेला माणूस, त्याला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, मराठी-हिंदीत फोटोंचा तक्ता : दगडी नांगर, खापर, तोफगोळा, हस्तिदंत, काळवंडलेलं हाड, पीट. सापडलेली वस्तू धुवायची नाही, खरवडायची नाही, उन्हात ठेवायची नाही. समुद्राच्याच पाण्यात झाकण लावून ठेवायची. खापर वाळलं की आतलं मीठ स्फटिक होऊन पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. ओतीव लोखंड सगळ्यांत फसवं. बाहेर काढल्यावर आठवडाभर धडधाकट दिसतं, मग आतले क्लोराइड काम सुरू करतात आणि तोफ चिरा पडून ढलप्यांनी गळते. तिला वर्षानुवर्षं अल्कधर्मी द्रावणात ठेवून क्षार काढावे लागतात. म्हणून तोफ दिसली तर उचलू नका, खूण करा. उचलून, शेंदूर-रंग फासून, चौथऱ्यावर मांडलेली समुद्रातली तोफ ही काही वर्षांची पाहुणी असते.

ठेकेदार खबर का लपवतो, तर काम थांबेल या भीतीने. त्यामुळे ही भीती कराराने काढावी. वस्तू सापडली तर ड्रेजर त्या पट्ट्यातून उठून दुसऱ्या ठरलेल्या पट्ट्यात जाईल. २४ तासांत पुरातत्त्वज्ञाचं प्राथमिक मत, ७२ तासांत निर्णय. थांबावंच लागलं तर त्या तासांचा दर आधीच ठरलेला. खबर दिली म्हणून दंड नाही, न दिल्यास आहे. रात्री तीन वाजता फोन उचलणारा माणूस नेमलेला हवा. कार्यालयाचा लँडलाइन क्रमांक या कामाचा नाही.

कायद्यावर विसंबून हे होणार नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा अधिसूचित जागांना कवच देतो, न सापडलेल्या जहाजाला नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा सर्वसाधारणपणे १०० वर्षांची रेघ मारतो. १८७८ चा गुप्तनिधी कायदा दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायला सांगतो, पण तो शेतात सापडणारा हंडा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत पुरातत्त्वीय आणि वारसास्थळं सर्वांत कडक वर्गात आहेत. पण वर्गात घालायला आधी ती नकाशावर असावी लागतात. पाण्याखालच्या वारशाबद्दलच्या युनेस्कोच्या २००१ च्या करारात भारत अद्याप सामील नाही. त्याच्या परिशिष्टातले ३६ नियम पाळायला मात्र कोणाची सही लागत नाही. वस्तू शक्यतो जागीच राखावी, विक्रीसाठी उचलू नये, ही त्यांची मुख्य तत्त्वं. आणि १०० वर्षांची रेघ इथे आंधळेपणाने लावू नका. १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ बुडालेली 'रामदास' बोट कायद्याच्या हिशेबाने २०४७ पर्यंत कोणी नाही. सहाशेहून अधिक माणसं त्या दिवशी गेली. मुंबई बंदराच्या तोंडाशी काहीही उपसताना ती स्मृतिस्थळ म्हणूनच धरली पाहिजे.

वाढवणसाठी बसवलेली ही पद्धत दक्षिणेलाही लागेल. विजयदुर्गजवळ पाण्याखाली जांभ्याची सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीची भिंत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी नोंदवली आहे आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तटबंदीसकट. तटाखालच्या पाण्यात काय आहे याचं दस्तऐवजीकरण त्या मानाने फार थोडं आहे. त्या खाड्यांत जेट्टी, मरीना, गाळउपसा यांचे प्रस्ताव आले की हेच प्रश्न उभे राहतील.

सापडण्याची भूक आणि पद्धतीचा अभाव एकत्र आले की काय होतं, हे याच किनाऱ्यावर दिसलेलं आहे. २००१ मध्ये खंभातच्या आखातात सोनारच्या चित्रांवरून बुडालेलं नगर जाहीर झालं. तळातून खरवडून आणलेल्या वस्तूंत एक लाकूड सुमारे ९,५०० वर्षांचं निघालं. पण एवढ्या ओढीच्या पाण्यात ते लाकूड कुठून वाहत आलं आणि कोणत्या थरातलं, हे सांगता येत नव्हतं. वाद आजही तिथेच आहे, कारण थराची नोंद मागाहून करता येत नाही. उलट गोव्याच्या सुंची रीफवर तीन ते सहा मीटर पाण्यात तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांडी जागच्या जागी नोंदवली गेली, म्हणून सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज ओळखता आलं. गोव्यातल्याच सेंट जॉर्ज रीफवर बेसल मिशनच्या शिक्क्याच्या कौलांनी जहाजाचा माल आणि काळ सांगितला. १९४४ च्या स्फोटानंतर मुंबईच्या गोदीत गाळ काढताना सोन्याच्या विटा निघत राहिल्या, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. कौलाचा तुकडा कोण जपतो?

तेव्हा पहिलं पाऊल म्हणून एकच मागणं. बंदर आणि वाळूउपसा या दोन्ही जागांच्या आजवर झालेल्या सर्वेक्षणांचा कच्चा डेटा, म्हणजे अहवालांतली रंगीत चित्रं नव्हे तर सोनार, प्रोफायलर आणि मॅग्नेटोमीटरच्या मूळ फाइली, बोटीच्या मार्गासह आणि बोअरहोलच्या मूळ नोंदींसह, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संचालनालय आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांना द्या. पावसाळ्यात समुद्रात उपकरण ओढता येत नाही, पण फाइली वाचता येतात. चार महिन्यांत संशयित खुणांची यादी होईल, आणि दसऱ्यानंतर समुद्र निवळला की बोट नेमकी कुठे न्यायची ते ठरलेलं असेल. डोल जाळ्यांचा हंगाम त्याच सुमारास असतो, म्हणून मार्ग मच्छीमार सोसायट्यांबरोबर बसून आखावे लागतील. त्या बैठकीची तारीख डेटा देतानाच ठरवा.

आपले,
सागरी पुरातत्त्व, जलसर्वेक्षण आणि समुद्री गाळाचा अभ्यास या क्षेत्रांत काम करणारे काही जण